खाऱ्या टाकीतली लाली

फारूखभाईंनी समुद्र उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला. मुंबईला चुलतभावाच्या लग्नाला गेले होते तेव्हा, अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटं वऱ्हाडाच्या चपला सांभाळण्यात गेली. तरीही छत्रपती संभाजीनगरात कुणाला घरात समुद्र हवा असला, तर लोक पडेगावच्या फारूखभाईंचंच नाव सांगतात. आता तो कुणाला हवा असतो, हा प्रश्न वेगळा. आजवर एकालाच हवासा झाला, आणि तोही चुकून.

फारूखभाईंचा धंदा माशांच्या काचेच्या टाक्या लावण्याचा आणि धुण्याचा. दुकान नाही, स्कूटर हेच दुकान. पायाशी दोन बादल्या, हँडलला गुंडाळलेली नळी, डिकीत जाळी, ब्रश आणि औषधाच्या बाटल्या. शहरातल्या निम्म्या दातांच्या डॉक्टरांकडं, पेशंटचं लक्ष दुखऱ्या दाढेवरून हटावं म्हणून जे मासे फिरत असतात, ते फारूखभाईंच्या जिवावर फिरतात. बावीस वर्षं तोंडानं नळी ओढून पाणी काढल्यामुळं, कोणत्या डॉक्टरच्या टाकीचं पाणी कसं लागतं हे ते डोळे मिटून सांगू शकतील. कुणी विचारत नाही, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी देवगाव रंगारीचे काकासाहेब सिडकोत मुलाकडं राहायला आले. गावाकडं भरपूर जमीन, भरलेली विहीर, पण गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. मुलगा विश्वजीत वाळूजला कंपनीत, सून मोनिका घरी, आणि पुढं वर्षभरात त्यांना एक गुटगुटीत मुलगी झाली. शेती कडुबा नावाच्या जुन्या गड्यावर सोपवून काकासाहेब तिसऱ्या मजल्यावर येऊन बसले आणि आठ दिवसांत कंटाळले. कुणीतरी सुचवलं, मासे पाळा. फारूखभाईंना बोलावणं गेलं. त्यांनी हॉलची भिंत मोजली आणि सवयीनं विचारलं, "काका, मीठे पानी की लगाऊं ना?"

इथं घोटाळा झाला. फारूखभाईंच्या दखनीत मीठा म्हणजे गोड. नळाचं साधं गोडं पाणी. काकासाहेबांच्या कानांनी त्यातलं मीठ तेवढं उचललं. मिठाच्या पाण्यात जिवंत मासे ही कल्पना त्यांना इतकी नवलाची वाटली की ते खुर्चीत सरळ झाले.

"व्हय," ते म्हणाले. "मिठाचीच लावा."

फारूखभाई गोड्या पाण्याचा हिशोब मनात धरून निघून गेले. काकासाहेबांनी दरम्यान सिडकोच्या बागेत, देवगावच्या पारावर आणि तिन्ही व्याह्यांना फोन करून सांगून टाकलं की आपल्याकडं समुद्रातले मासे येणार. फारूखभाई सोनेरी माशांची पिशवी घेऊन आले तेव्हा व्याही बघायला येऊन बसलेले. मोठ्या माणसाला चार लोकांत खोटं कसं पाडायचं? फारूखभाईंनी पिशवी पाठीमागं धरली, म्हणाले की मिठाचं पाणी मुरायला महिना लागतो, आणि त्याच संध्याकाळी पुण्याची गाडी पकडली. तिथल्या एका दुकानदाराकडून चार दिवसांत जेवढं शिकता येईल तेवढं शिकले. उरलेलं मोबाईलवर बघितलं, आणि त्याहून उरलेलं चुकत चुकत.

पण टाकी झाली. चार फुटी टाकी, तळाशी पांढरी वाळू, मधे खडक, बाजूला फेस काढणारं यंत्र. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलं माशांचं एक जोडपं आणि खडकावर बसलेलं समुद्रातलं फूल. फूल म्हणजे खरं तर प्राणीच. त्याला बोटांसारख्या असंख्य पाकळ्या असतात आणि ते जोडपं रात्रंदिवस त्यांच्यात लोळतं. फारूखभाई त्याला नुसतं फूल म्हणत. काकासाहेबांनी मोठ्या माशाला नवरदेव ठरवलं होतं. या जातीत मोठी असते ती बाई, हे फारूखभाईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी मोनिकाकडं बघितलं, आणि नवरदेवपद धाकल्याला दिलं.

डॉक्टरांच्या सात-आठ टाक्या उरकून फारूखभाई या टाकीपुढं आले की त्यांची चाल बदले. बाकीच्या टाक्या ते धुवायचे. ही टाकी बघायचे. त्या अर्ध्या तासात चपला सांभाळताना जे बघायचं राहून गेलं होतं, ते बहुधा इथं वसूल होत असावं.

टाकीचं पाणी कुठलं, तर देवगावच्या विहिरीचं. सिडकोत नळाला पाणी आठवड्यातून एखादा दिवस येतं, आणि काकासाहेबांच्या मते त्याला धड रंगही नसतो आणि ढंगही नसतो. त्यामुळं दर सोमवारी कडुबा पिकअपमधून विहिरीच्या पाण्याचे कॅन आणी. ते काकासाहेब पीत, कुंड्यांना घालत, आणि त्यातच मीठ कालवून फारूखभाई टाकीत भरत. विहीर काकासाहेबांच्या वडिलांनी खणलेली. फारूखभाई पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हाच काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं पेला भरून दिला होता आणि ते पीत असताना तोंडाकडं बघत उभे राहिले होते. फारूखभाईंनी पेला खाली ठेवून म्हटलं होतं, "काका, असं पाणी शहरात नाय." तेव्हापासून दर खेपेला आधी पेला, मग काम. आणि पेल्याबरोबर एक वाक्य ठरलेलं. गॅलरीतल्या मनीप्लँटकडं हात करून काकासाहेब म्हणत, "बघा. चिमूटभर खत घातलं नाय कधी. निस्तं विहिरीचं पाणी."

हे वाक्य फारूखभाईंनी कमीत कमी पन्नास वेळा ऐकलं असेल. ऐकताना आणि मान डोलावताना, दोन्ही वेळा कान बंद होते.

दुसऱ्या वर्षी, पाऊसकाळ सरता सरता, फूल आखडायला लागलं.

आधी पाकळ्या आखूड झाल्या. मग काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर चढू लागला. आज पुसावा तर तीन दिवसांत पुन्हा हजर. फारूखभाईंनी पाणी तपासलं. त्याची एक छोटी पेटी असते. काचेच्या बारक्या नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले थेंब, मग दुसरी बाटली जोरात हलवून तिच्यातले थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर सगळं ठीक. नारिंगी झालं तर सावध. लाल झालं म्हणजे पाण्यात नायट्रेट साठलंय. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजका कचरा, या सगळ्याचा शेवटी पाण्यात उरणारा गाळ म्हणा ना. डोळ्यांना दिसत नाही आणि यंत्रानंही सुटता सुटत नाही. फारूखभाई हे नाव कधी उच्चारत नसत. ते म्हणत, लाली.

"काका, पाण्यात लाली वाढली."

काकासाहेबांनी ते उष्णतेवर घेतलं. समुद्रातले जीव, मराठवाड्याची हवा, लाली येणारच. सब्जा भिजवून टाकावा का, असं त्यांनी विचारलं. फारूखभाईंनी हात जोडून नको म्हटलं.

पहिला संशय खाण्यावर गेला, आणि तो रास्त होता. फारूखभाईंनी सांगितलं होतं दिवसातून एकदा, चिमूटभर. काकासाहेब सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवणाबरोबर आणि संध्याकाळी बातम्यांबरोबर टाकत. घरात कुणी उपाशी बसलंय आणि आपण जेवतोय, हे देवगावच्या माणसाला जमत नाही. शेवटी खाण्याचा डबा मोनिकाच्या ताब्यात गेला. लाली हटली नाही.

मग फारूखभाईंनी यंत्राची वाटी घासली, स्पंज पिळले, वाळूत नळी खुपसून महिन्यांचा गाळ ओढला. लाली हटली नाही. मग पाणी बदलायचा सपाटा लावला. या दुखण्यावरचा हमखास इलाज तोच: जुनं काढा, नवं घाला, जेवढं काढाल तेवढी लाली जाईल. आधी आठवड्याला दोन बादल्या, मग चार. कडुबा जास्तीचे कॅन आणू लागला. दर खेपेला तपासणीच्या नळीतला रंग आधीपेक्षा गडद. फारूखभाई नळी उजेडाकडं धरून बघत राहत, आणि ती रुहअफज्यासारखी त्यांच्याकडं बघे.

तीन आठवड्यांनी पाकळ्या आक्रसून फुलाच्या मधलं तोंड उघडं पडलं आणि जोडपं त्यातून उठून टाकीच्या कोपऱ्यात जाऊन राहिलं. काकासाहेबांना ते बघवेना.

"फारूखभाई, तुमच्या हाताला दोष नाय," ते म्हणाले. "पण मुकं जनावर डोळ्यांदेखत सुकतंय. पंधरा दिवस बघू. नाय तर हे सगळं पुण्याच्या त्या दुकानात देऊन टाका आन इथं साधे सोनेरी मासे सोडा. गोड्या पाण्यातले."

काकासाहेब बोलले ते प्रेमानंच. पण फारूखभाईंना त्या दिवशी जिना उतरताना प्रत्येक पायरी मोजून उतरावी लागली. सोनेरी मासे काय, ते सगळ्या दंतवैद्यांकडं होते. समुद्र एकच होता.

पुढल्या सोमवारी ते बादल्या घेऊन पोचले तेव्हा कडुबा खाली पिकअपमधून कॅन उतरवत होता. फारूखभाईंनी हात लावला. बोलता बोलता पीकपाण्याचा विषय निघाला. औंदा विहिरीच्या कडंला अद्रक लावली, कडुबा सांगत होता. अद्रकाची भूक मोठी. युरिया झाला, शेणखत झालं, ठिबकमधून आणखी पातळ खतं झाली, आणि खताचा खड्डाही तिथंच विहिरीपाशी हलवला, वाहायला जवळ. पण जमीन कशी काळीशार दिसतीय. मग त्यानं कॅनवर थाप मारली.

"पाणी बी कसं कसदार झालंय बघा, भाई. खालच्या वावरात निस्तं पाणी सोडलं तर गवत कंबरंला लागलं."

फारूखभाई हसले, कॅन उचलला, तिसऱ्या मजल्यावर गेले. काकासाहेबांनी पेला दिला. मनीप्लँटकडं हात केला. "बघा, चिमूटभर खत..."

फारूखभाईंनी बघितलं. खरंच बघितलं, पहिल्यांदा. पानं ताटाएवढी झाली होती आणि रंग असा की गॅलरीत अंधारून यावं. पेला त्यांच्या ओठांशी तसाच राहिला. बिनखताचं झाड एवढं माजतं, तर खत कुठूनतरी येतंयच. आणि झाडाला जे खत, तीच टाकीतली लाली. ते दोन महिने लाली काढत नव्हते, कॅन कॅन भरून आणून ओतत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग तपासायचं तिथल्या तिथं. पेटी तर डिकीतच होती. पण ज्यानं हातानं पाणी दिलं त्याच्यासमोर त्या पाण्याची परीक्षा घ्यायची, हे फारूखभाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यात विहीर वडिलांची. आणि दोन वर्षं आपणच तोंडभर कौतुक केलेलं. त्यांनी पाणी संपवलं, काच पुसली, पाणी न बदलता निघाले.

घरी त्यांनी बायकोला, गुलशनला, सगळं सांगितलं आणि आपली युक्तीही सांगितली: पुढल्या खेपेला बाटलीत थोडं पाणी गुपचूप आणायचं, घरीच तपासायचं, आणि मग काहीतरी निमित्त काढून टाकीला दुसरं पाणी सुरू करायचं. काकांना कळायचंही कारण नाही. गुलशन कढीपत्त्याच्या कुंडीतली पिवळी पानं खुडत होती. चार वर्षं ते झाड वीतभरच होतं.

"पानी चोरके लाते?" ती म्हणाली. "वो बुड्ढा आदमी वोइच पानी पीरा ना जी रोज?"

हे फारूखभाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मासे वाचवत होते.

गुरुवारी ते गेले. पेला आला. त्यांनी अर्धा प्यायला आणि अर्धा हातात ठेवून खाली टाकीशेजारी बसले. पेटी उघडली, नळी काढली, बाटल्या मांडल्या, आणि पुढं हात चालेना. एरवी हे काम चालू असताना काकासाहेब टीव्ही बघत. आज फारूखभाई एवढे गप्प का, म्हणून ते चष्मा लावून जवळ आले आणि त्यांनी एक बाटली उचलली. लांब धरली, जवळ आणली, आणि वरची इंग्रजी अक्षरं एकेक करत जुळवली.

"ना-य-ट्रेट." ते थांबले. "फारूखभाई, हे कॅल्शियम नायट्रेटमधलं नायट्रेट का? ठिबकला सोडतो ते?"

"हौ काका. तेच."

"म्हणजे नत्र."

"आमच्यात लाली म्हणतो."

"दोन महिने झाले तुम्ही मला लाली लाली करताय आन मी सब्जा भिजवतोय. सरळ नत्र म्हणायचं ना. शेतकरी माणूस हाये मी, नत्र-स्फुरद-पालाश करत म्हातारा झालो." काकासाहेब खुर्चीत टेकले. हा विषय त्यांचा होता, त्यामुळं ते जरा खुलले. "पण टाकीत नत्र येईल कुठनं? मी काय युरिया टाकतो व्हय त्यात?"

 काकासाहेबांनी टाकीकडं बघितलं. मग गॅलरीकडं, त्या माजलेल्या मनीप्लँटकडं. मग कॅनकडं. आणि शेवटी फारूखभाईंच्या हातातल्या अर्ध्या पेल्याकडं. 

"त्या पेल्यातलं घाला नळीत," ते म्हणाले.

"काका, राहू द्या..."

"घाला म्हणतो ना."

फारूखभाईंनी घातलं. थेंब मोजले, बाटली हलवली, पुन्हा थेंब मोजले. पाच मिनिटं दोघं त्या बोटभर नळीकडं बघत बसले. पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि थांबायचं नाव न घेता पुढं सरकलं. पाच मिनिटं भरायच्या आतच लाल.

"गोड लागतं," काकासाहेब शेवटी म्हणाले.

"गोडच हाय काका. लाली चवीला कळत नाय. मी बावीस वर्षं तोंडानं पाणी ओढतोय, मलाबी कळली नाय."

काकासाहेबांना विहिरीचं वाईट वाटलं, पण ते वाटून घ्यायला वेळ मिळाला नाही, कारण त्यांना पाळणा दिसला. दहा महिन्यांची नात झोपली होती. त्यांचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघराच्या दारात मोनिका कधीची उभी होती. सासऱ्यांना ती मामा म्हणे. "मामा," ती म्हणाली, "बाळाचं दूध मी पहिल्यापासून फिल्टरच्या पाण्यात करते. डॉक्टरीणबाईंनी विहिरीचं न् बोअरचं नको म्हणून सांगितलं होतं."

"फिल्टर? आपल्याकडं कुठं फिल्टर?"

ओट्याखालचं कपाट उघडलं गेलं. आत भिंतीला टांगलेलं मशीन शांतपणे टपटपत होतं. नळाचं पाणी साठवायचं, मशीनमधून काढायचं, आणि विहिरीच्या रिकाम्या कॅनमध्येच भरून ठेवायचं, अशी मोनिकाची सोय होती. दीड वर्ष. काकासाहेबांना वाईट वाटू नये म्हणून विश्वजीतही गप्प.

"म्हंजी विश्वजीत हेच पितो?"

"व्हय."

"आन पाव्हणे?"

"तेबी."

"मग विहिरीचं कोण पितं?"

मोनिकानं पदर सारखा केला. "तुम्ही," ती म्हणाली. "आन मासे. आन फारूखभाई."

काकासाहेबांनी फारूखभाईंकडं बघितलं, फारूखभाईंनी काकासाहेबांकडं. आधी कोण हसलं हे मोनिकालाही सांगता येत नाही. पण पाळण्यातली जागी झाली एवढं खरं. त्या घरात विहिरीचा मान राखायला तिघं जण गप्प होते, आणि काकासाहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

मशीनचं पाणी फारूखभाईंनी आधी तपासलं. या वेळी परवानगी विचारायची गरज पडली नाही. काकासाहेबच बाटली हलवून देत होते, ती जरा जास्तच जोरात. नळी पिवळी राहिली. मग काम साधं होतं, पण सावकाशीचं. सगळं पाणी एकदम बदललं तर आधीच खचलेल्या फुलाला ते झेपणार नाही. म्हणून दर तिसऱ्या दिवशी दोनच बादल्या. आदल्या दिवशी मोनिकानं पाणी भरून ठेवायचं, काकासाहेबांनी त्यात मीठ घालून लाकडी रवीनं ढवळायचं, आणि फारूखभाईंनी खारटपणा मोजून टाकीत सोडायचं. गुडघे दुखणारा माणूस बादलीशेजारी पाटावर बसून समुद्र घुसळतो आहे, हे दृश्य बघायला एक व्याही पुन्हा येऊन गेले.

देवगावला फोन गेला. खताचा खड्डा विहिरीपासून लांब हलवा, युरिया निम्मा करा, आणि माती तपासून आणल्याशिवाय अद्रकाला वरून काही सोडू नका. कडुबाला ते मुळीच पटलं नाही. माशांच्या पायी पीक उपाशी ठेवता का, असं त्यानं विचारलं. काकासाहेब म्हणाले, चिमूटभर दे, दिवसातून एकदा. कडुबाला त्यातलं काही कळलं नाही.

लाली उतरायला लागली. लालची गडद नारिंगी, मग फिकी नारिंगी. पंधरा दिवसांच्या मुदतीचा विषय कुणी काढला नाही. फारूखभाई मात्र रोज मनात मोजत होते, आणि सोळाव्या दिवशी जिना चढताना त्यांच्या बादल्या एकमेकींवर आपटत होत्या. काकासाहेब टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी मागं न बघता हातानं खूण केली, हळू या.

फूल उघडलं होतं. पूर्वीएवढं नाही, तळहाताएवढंच, पण पाकळ्या लांब झाल्या होत्या आणि पाण्याबरोबर हलत होत्या. मोठी मासोळी कोपऱ्यातून निघून जवळ आली, पाकळ्यांना अंग घासून पाहिलं, मागं फिरली, पुन्हा आली, आणि आत शिरली. धाकला नवरा काही वेळ बाहेर घुटमळला.

"आता जाईल," काकासाहेब पुटपुटले. "तिनं बोलावलं की जाईल."

तो गेला. फारूखभाईंनी पेटी उघडलीच नाही त्या दिवशी. ते बादल्या बाजूला ठेवून काकासाहेबांशेजारी फरशीवर बसले आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. कुणाच्या चपला सांभाळायच्या नव्हत्या.

उठताना पेला आला. फारूखभाईंनी तो हातात घेतला आणि नकळत उजेडाकडं धरला.

"प्या," काकासाहेब म्हणाले. "मशीनचं हाय. चव नाय, पण लाली बी नाय."

ते पिताना या खेपेला काकासाहेब तोंडाकडं बघत उभे राहिले नाहीत. त्या पाण्याचं कौतुक ऐकायची त्यांना इच्छा नव्हती. विहिरीचा एक कॅन मात्र अजूनही दर सोमवारी येतो, कुंड्यांपुरता. त्यातलं अर्धं पाणी बादलीत घेऊन फारूखभाई स्कूटरवरून सांभाळून पडेगावला नेतात. गुलशनचा कढीपत्ता गुडघ्यापर्यंत आलाय.